गवताच्या माळावरच्या बाया आणि आपलं वऱ्हाड

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काय नवीनच काढलं? विषय आहे अमेरिकेतल्या गवताच्या माळावर शेती करायला गेलेल्या बाया, आणि त्यांच्यावर लिहिल्या गेलेल्या जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्या. वलगावच्या पेढीकाठी बसून नेब्रास्का आणि डाकोटाच्या गोष्टी कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण थोडा वेळ ऐका. काळी माती, टोळधाड, सावकाराचं देणं, दूर राहिलेलं माहेर आणि जमिनीच्या कागदावर नसलेलं बाईचं नाव, हे सगळं त्या कादंबऱ्यांत आहे. नावं तेवढी वेगळी आहेत.

एक लढाई, दोन काळ्या जमिनी

आधी इतिहास पाहू. अमेरिकेच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेला एक प्रचंड गवताळ प्रदेश आहे. त्याला 'प्रेअरी' म्हणतात. झाड औषधाला सापडायचं नाही, कुठे कुठे गवत मात्र माणसाच्या छातीला लागेल एवढं. खाली काळीभोर, कसदार माती. ही जमीन शेतकऱ्यांना वाटून टाकावी, अशी मागणी तिकडे बरीच वर्षं चालली होती. गुलाम ठेवणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा तिला विरोध होता. लहान शेतकऱ्यांची नवी राज्यं झाली तर गुलामगिरीचं काय होणार, ही त्यांची भीती. १८६१ साली ती राज्यं फुटून निघाली, यादवी युद्ध पेटलं आणि विरोध करणारेच सभागृहात उरले नाहीत. मग २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर जमीन घ्या, तिच्यावर ५ वर्षं राहा, घर बांधा, जमीन वहितीत आणा, म्हणजे ती तुमची. कागदपत्रांची फी सगळी मिळून साधारण १८ डॉलर.

आता त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं होतं. अमेरिकेतलं युद्ध सुरू झालं आणि दक्षिणेकडची बंदरं बंद पडली. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. गिरणीवाल्यांची नजर वळली आपल्या काळ्या मातीकडे. कापसाचे भाव असे चढले की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे ते चांदीचे रुपये खुळखुळले. जमिनीची मोजणी झाली, रयतवारी लागू झाली, पडीक आणि गवताच्या जमिनी नांगराखाली आल्या. १८६७ पर्यंत बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. व्यापारी मारवाड-गुजरातकडून आले, मजूर आजूबाजूच्या मुलखांतून आले. १८६५ साली युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि इथले भाव कोसळले. शेतकऱ्याला पैशाच्या पिकाची सवय लागली होती, कर्जाचीही लागली होती. ती दोन्ही मागे राहिली.

म्हणजे एकाच लढाईने पृथ्वीच्या दोन बाजूंच्या दोन काळ्या जमिनी उघडल्या. तिकडे गहू आणि मका, इकडे कापूस. दोन्हीकडे माल न्यायला रेल्वे, भाव ठरवणारा बाजार दूर आणि पावसाचा भरवसा नाही. म्हणून त्या कादंबऱ्या वाचताना वऱ्हाडातल्या बाईला परकं वाटत नाही.

तीन लेखक, तिघांचंही बालपण मागे सुटलेलं

या विषयावरची तीन नावं सांगतो. पहिलं नाव विला कॅथर. जन्म १८७३. व्हर्जिनिया राज्यातलं घर सोडून तिचं कुटुंब १८८३ साली नेब्रास्कात आलं, तेव्हा ती ९ वर्षांची होती. आजूबाजूला स्वीडनची, बोहेमियाची, नॉर्वेची माणसं. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी तिची गट्टी जमली. मोठेपणी तिने त्यांच्यावर लिहिलं: १९१३ साली 'ओ पायोनियर्स!' आणि १९१८ साली 'माय ॲन्टोनिया'.

दुसरी लॉरा इंगल्स वाइल्डर. जन्म १८६७. वडिलांना सतत पश्चिमेकडची नवी जमीन खुणावत असे, त्यामुळे तिचं बालपण छकड्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल. विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, डाकोटा. तिचं पहिलं पुस्तक १९३२ साली आलं, तेव्हा ती ६५ वर्षांची होती. वय झालं, आता काय लिहायचं, असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या बायांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पुढच्या ११ वर्षांत तिची ८ पुस्तकं झाली. संपादनाला तिची लेक रोज हिची मोठी मदत होती.

तिसरा ओले रोलवाग. नॉर्वेतल्या कोळ्यांच्या बेटावर १८७६ साली जन्मला, विशीत अमेरिकेला गेला. त्याची 'जायंट्स इन द अर्थ' ही कादंबरी आधी नॉर्वेजियन भाषेत आली आणि १९२७ साली इंग्रजीत.

१८७६ हे साल ओळखीचं वाटलं ना? त्याच वर्षी आपल्या अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात डेबूजीचा जन्म झाला. पुढचे गाडगेबाबा. त्यांच्याकडे आपण परत येऊ.

मातीचं घर, शेणाचं सरपण

आता या माणसांचं रोजचं जगणं बघू. माळावर लाकूड नाही, दगड नाही. मग घर कशाचं बांधायचं? गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली जमीन नांगराने पट्ट्यांत कापायची, तिचे विटांसारखे तुकडे करायचे आणि एकावर एक रचायचे. झालं घर. नाहीतर नाल्याच्या काठाला भुयार खणायचं आणि पुढे दार लावायचं. लॉराचं कुटुंब मिनेसोटात असंच एका ओढ्याच्या काठातल्या घरात राहिलं. वरून गवत, आत माणसं. आपल्याकडची धाब्याची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे घर डोळ्यांसमोर येईल. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पण पाऊस लागला की छतातून चिखल टपकायचा आणि भिंतीतून साप डोकवायचे.

सरपण कशाचं? माळावर वाळलेलं रानबैलांचं शेण वेचून आणायचं. पहिल्यांदा ते हातात धरायला लाजणारी बाई पुढे त्याच हाताने चुलीत घालायची आणि त्याच हाताने पीठ मळायची. आपल्याला गोवऱ्यांचं नवल नाही, पण युरोपातून आलेल्या बायांना ते फार जड गेलं.

लॉराच्या 'द लाँग विंटर' या पुस्तकात १८८०-८१ सालच्या हिवाळ्याची हकिकत आहे. महिनोन्महिने बर्फाची वादळं. रुळांवर बर्फ साचून रेल्वे बंद. गावात कोळसा नाही, पीठ नाही. मग घरातल्या माणसांनी वाळलं गवत पिळून पिळून त्याच्या काठ्या केल्या आणि त्या जाळल्या. बियाण्याचे गहू होते, ते कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात दळले. ते यंत्र मूठभर दाण्यांचं, घर सहा माणसांचं. सकाळपासून रात्रीपर्यंत कोणी ना कोणी ते फिरवतच असे. जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांना हे सांगायला नको. पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर स्वयंपाक केलेल्या बाईला गवताच्या काठ्यांचं मोलही सांगायला नको.

आणि टोळ. 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक' या पुस्तकात गहू कापणीला आलेला असतो. बापाने त्या पिकाच्या भरवशावर उधारीने लाकूड आणून नवं घर बांधलेलं. तेवढ्यात सूर्यावर ढग येतो, चकाकणारा. तो ढग पावसाचा नसतो, टोळांचा असतो. गहू गेला, गवत गेलं, झाडांची पानं गेली. बाप जुन्या, फाटक्या बुटांनी शेकडो मैल चालत मजुरीला जातो आणि आई पोरींना घेऊन मागे राहते. १८७३ ते १८७७ या वर्षांत त्या भागात अशा टोळधाडी खरोखरच आल्या होत्या. नवलाची गोष्ट म्हणजे ती टोळांची जातच पुढे नाहीशी झाली. १९०२ नंतर तो टोळ जिवंत कोणी पाहिला नाही. २०२० च्या मे महिन्यात आपल्याकडे मोर्शी-वरुडच्या बाजूला टोळ आले, तेव्हा थाळ्या वाजवत धावलेल्या बायांना लॉराच्या आईचं दुःख शब्दाविना कळेल.

माहेराची पेटी

जमीन नवऱ्याला हवी होती, म्हणून हे सगळे निघाले. बाईला काय हवं होतं, हे फार कमी जणांनी विचारलं. रोलवागने ते विचारलं. त्याच्या कादंबरीत पेर हन्सा आणि त्याची बायको बेरेट १८७३ साली डाकोटात येतात. पेर हन्साला जिकडे तिकडे आपली जमीन दिसते. बेरेटला लपायला एक झाडसुद्धा दिसत नाही. आईबाप समुद्रापलीकडे, परत जायची वाट नाही, बोलायला भाषा कळणारी चार घरं. तिच्याजवळ माहेराची एक मोठी, जुनी लाकडी पेटी आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मन थाऱ्यावर राहीना तेव्हा ती खिडक्यांवर कापड लावते, म्हणजे बाहेरचा माळ दिसू नये. आणि टोळ येतात त्या दिवशी ती लेकरांना घेऊन त्या पेटीतच जाऊन बसते.

ही गोष्ट ऐकून हसू नका. आपल्याकडेही वेड लागलं, अंगात आलं, बाहेरची बाधा झाली असं म्हणून जे मोकळं केलं जातं, त्यात एकटेपणा किती असतो याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वऱ्हाडातली नवी नवरी निदान आखाडीला, पंचमीला, दिवाळीला माहेरी जाऊ शकत होती. बेरेटला ते नव्हतं. बाळंतपणाला शेजारीण धावून आली, एवढाच तिचा आधार.

विला कॅथरच्या 'माय ॲन्टोनिया'त बोहेमियाहून आलेलं शिमेर्डा कुटुंब आहे. बाप विणकर, सारंगीसारखं वाद्य वाजवणारा, शेतीत अगदी नवखा. त्यांच्याच मुलखातल्या एकाने त्यांना फसवून महाग जमीन गळ्यात मारलेली. पहिला हिवाळा ते भुयारासारख्या खोपटात काढतात. शेजारीण मदत घेऊन येते तेव्हा शिमेर्डाबाई गाठोड्यातून मूठभर तपकिरी, वाळल्या चकत्या काढून तिला देते. शेजारणीला त्या काय आहेत ते कळत नाही. ती घरी जाऊन त्या चुलीत टाकून देते. पुष्कळ वर्षांनी कळतं की ती तिकडच्या जंगलातली वाळवलेली अळिंबी होती, इतक्या दुरून जपून आणलेली. गरीब बाईने आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं दिलं आणि घेणाऱ्याला ते ओळखता आलं नाही. माहेराहून पदरात बांधून आणलेलं वालाचं, दोडक्याचं बी ज्यांनी परसात लावलं आहे, त्यांना या चकत्यांची किंमत कळेल.

त्याच हिवाळ्यात ॲन्टोनियाचा बाप आत्महत्या करतो. कॅथरने ही गोष्ट मनाने रचलेली नाही. जिच्यावरून ॲन्टोनिया रंगवली त्या ॲनी नावाच्या खऱ्या मुलीच्या वडिलांनीही असाच जीव दिला होता. कादंबरीत त्याला स्मशानात जागा मिळत नाही. त्याच्याच शेताच्या कोपऱ्यावर, दोन रस्ते फुटणार होते तिथे, त्याला पुरतात. आणि दुसऱ्या दिवसापासून काय? मोठा मुलगा आणि पोर वयाची ॲन्टोनिया नांगराला लागतात. तिची शाळा राहते ती राहतेच. वाचायला शिकायची तिला केवढी हौस होती, हे आधीच्या पानांत आपण पाहिलेलं असतं.

आपल्या जिल्ह्यांत हे प्रकरण वाचून दाखवताना आवाज स्थिर ठेवणं सोपं नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ ही नावं गेली पंचवीस-तीस वर्षं कशासाठी वर्तमानपत्रात येतात ते आपल्याला ठाऊक आहे. बातमी गेलेल्या माणसाची असते. कॅथरने मात्र मागे राहिलेल्यांची गोष्ट लिहिली. ॲन्टोनिया शेतात राबते, मग गावात घरकाम करते, एका माणसाकडून फसवली जाते, पोटात लेकरू घेऊन परत येते, लोकांच्या नजरा सोसते. शेवटी ती एका साध्या, भल्या माणसाशी लग्न करते. पुस्तकाच्या अखेरीस ती आपल्याला दिसते तेव्हा दात पडलेले, हात राठ झालेले, पण भोवती दहा-अकरा लेकरं, फळबाग आणि तळघरात बरण्या भरून ठेवलेला मुरांबा. लेखिका तिला बिचारी म्हणत नाही आणि देवीही करत नाही.

जमीन कोणाच्या नावावर?

आता सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. होमस्टेड कायद्यात एक गोष्ट होती. २१ वर्षं पूर्ण झालेली एकटी बाई, विधवा, घटस्फोटित, घर चालवणारी बाई स्वतःच्या नावावर जमीन मागू शकत होती. हजारो बायांनी मागितलीही. लॉराची धाकटी बहीण कॅरी हिनेही लग्नाआधी डाकोटात स्वतःच्या नावावर जमीन घेतली. पण नवरा असलेल्या बाईला तो हक्क नव्हता. तिने खणलेलं, लिंपलेलं, राखलेलं सगळं नवऱ्याच्या नावावर.

'ओ पायोनियर्स!' या कादंबरीची नायिका ॲलेक्झांड्रा ही स्वीडिश शेतकऱ्याची थोरली लेक. बाप मरताना मुलांना सांगतो की शेती तुमच्या बहिणीच्या सल्ल्याने चालवा. दुष्काळाची वर्षं येतात. शेजारी जमिनी विकून निघून जातात, भाऊही जाऊ म्हणतात. ॲलेक्झांड्रा दूरवर फिरून पाहणी करते, इतर शेतकऱ्यांशी बोलते आणि ठरवते की जायचं नाही, उलट राहतं शेत गहाण टाकून आणखी जमीन घ्यायची. (हे तिला साधलं. आपल्याकडे सावकाराला शेत लिहून देण्याचा सल्ला म्हणून कोणी ऐकू नये.) सोळा वर्षांनी ती त्या भागातली मोठी शेतकरी होते. लसूणघास लावणारी, नवे प्रयोग करणारी.

आणि मग गंमत बघा. तिच्या बालपणीचा एक मित्र पाहुणा येतो. ही याच्याशी लग्न करेल आणि जमीन घराबाहेर जाईल, या भीतीने दोघे भाऊ तिला जाब विचारायला येतात. घरची मालमत्ता ही शेवटी पुरुषांचीच असते, नाव कोणाचंही असो, असा त्यांचा सूर. कष्ट आम्ही केले, तू नुसतं डोकं चालवलंस, असंही त्यांचं म्हणणं. ॲलेक्झांड्रा रडत नाही. कचेरीत जा आणि माझी जमीन कोणाच्या नावावर आहे ते विचारून या, अशा अर्थाचं ती त्यांना सुनावते.

मैत्रिणींनो, १९१३ सालचं हे भांडण आहे. आज वलगावच्या, भातकुलीच्या, दर्यापूरच्या कोणत्या घरात ते होत नाही? आपल्याकडे त्याला एक साधा कागद आहे, हक्कसोड पत्र. बहिणीने सही केली की ती चांगली बहीण. नाही केली की राखीचं नातं तुटलं. कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच जन्मतः हक्क दिला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी लेकीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. नवरा वारला तर विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे, लेकरांच्या आणि सासूच्या बरोबरीची. पण सातबाऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. नवरा जिवंत असताना बायकोचं नाव जमिनीला लागावं म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली होती. ज्या गावात शंभर घरांनी बायकोच्या नावे जमीन केली, त्या गावाचा मान करायचा, अशी ती कल्पना. विदर्भातल्या कितीतरी गावांनी ती मनावर घेतली. तो शब्द आता कानावर फारसा येत नाही. यायला हवा.

पुस्तकांनी जे सांगितलं नाही

या पुस्तकांचं कौतुक करताना एक गोष्ट बाजूला सारून चालणार नाही. तो माळ रिकामा नव्हता. लॉराच्या 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'त कुटुंब कॅन्ससमध्ये घर बांधतं, ती जमीन ओसेज नावाच्या आदिवासी लोकांची होती, करारानेही त्यांचीच. तिथे घर बांधणाऱ्या गोऱ्यांना कायद्याने तो हक्क नव्हता. थोड्याच वर्षांत ओसेज लोकांना तिथून हलावं लागलं. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, असा अर्थ निघणारी ओळ होती. एका वाचकाने ते दाखवून दिल्यावर १९५० नंतरच्या आवृत्तीत ती बदलली गेली. म्हाताऱ्या लॉराने चूक मान्य केली. तरी पुस्तकात आदिवासींना पाहून भीती आणि तिटकारा वाटणाऱ्या आईचं चित्र तसंच आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्याच्या मोठ्या पुरस्कारावरून लॉराचं नाव काढलं ते याच कारणाने.

ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. वर चिखलदऱ्याकडे पाहा. मेळघाटात कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. इंग्रजांनी जंगल राखीव केलं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, त्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. पुढे काही कोरकू गावं उठवून खाली अकोटच्या बाजूला वसवली गेली. जंगल सोडून सपाटीवर आलेल्या त्या बायांची कादंबरी कोणी लिहिली? तीही बेरेटसारखीच झाड शोधत असेल.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला त्या गेल्या होत्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्या देशाचं आणि तिथल्या बायकांच्या कामाचं कौतुक करतानाच मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. विला कॅथर तेव्हा नेब्रास्कात शाळेत जात होती. म्हणजे त्या काळाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी एक मराठी बाई तेव्हाच होती, हे आपण विसरू नये.

लॉराने आणखीही काही वगळलं. तिचा एक लहान भाऊ १८७६ साली ९ महिन्यांचा होऊन वारला. टोळांनी बुडवल्यावर कुटुंब आयोवातल्या एका गावात हॉटेलात कामाला राहिलं. हे दोन्ही पुस्तकांत नाही. लेकरांसाठी लिहिताना तिने दुःखाचा आणि लाजेचा भाग गाळला. आपल्या आज्याही गोष्ट सांगताना हेच करतात. हसण्याचं सांगतात, गेलेल्या बाळाचं सांगत नाहीत.

आपल्या मातीतली तीच माणसं

आता डेबूजीकडे येऊ. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबूजी ८ वर्षांचे होते. आई सखूबाई लेकराला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे मामाच्या शेतात डेबूजी राबले. पुढे सावकाराने कागदावर अंगठा घेऊन मामाची जमीन गिळली. त्याच काळात, १८८० नंतरच्या दशकात, तिकडे लॉरा डाकोटात पंधरा-सोळा वर्षांची असताना शाळेत शिकवून अंधळ्या बहिणीच्या शिक्षणाला पैसे जोडत होती. दोघांच्याही घरी कष्ट होते, कर्ज होतं. पण लॉराच्या आईने एक हट्ट सोडला नव्हता. कुठेही जाऊ, पोरींची शाळा सुटणार नाही. सखूबाईच्या लेकाला शाळा मिळाली नाही. म्हणूनच गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव एकच सांगितलं, ऋण काढून सण करू नका, पोटाला चिमटा घ्या पण लेकरांना शिकवा. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना आपल्या वलगावजवळ, पेढीच्या काठी, त्यांनी देह ठेवला. दोन महिनेही झाले नसतील, १० फेब्रुवारी १९५७ ला तिकडे लॉरा गेली. एकमेकांचं नाव न ऐकलेली ही दोन माणसं, एकाच काळाची लेकरं.

आपल्या मातीवर कादंबऱ्या झाल्या नाहीत असं नाही. परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी 'पूर्णामायची लेकरं' लिहिली. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली. गरीब शिंपी घरातली कौतिक दारिद्र्याशी शेवटपर्यंत झुंजते आणि खचते, ती सगळी गोष्ट आपल्या वऱ्हाडी बोलीत. ॲन्टोनियाच्या शेजारी कौतिकला बसवलं तर दोघींना एकमेकींची भाषा कळणार नाही, बाकी सगळं कळेल. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी १८८० च्या. विला कॅथरपेक्षा सात वर्षांनी धाकट्या, अक्षरओळख नाही. शेतात आणि जात्यावर रचलेलं त्यांचं काव्य लेकाने उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली आपल्याला मिळालं. लिहून घेणारं कोणी नव्हतं अशा किती बहिणाबाई काळ्या मातीत मिसळल्या, ते कोण मोजणार?

म्हणून मैत्रिणींनो, या आठवड्यासाठी दोन कामं. पहिलं काम, घरच्या जमिनीचा सातबारा काढा आणि वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. त्यावर आपलं नाव आहे का, सासूचं, नणंदेचं आहे का ते पाहा. नसेल तर का नाही, हे घरात शांतपणे विचारा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरं काम, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की आपलं घर या गावात कुठून आलं, कोणत्या सालच्या दुष्काळात की कोणत्या लग्नाने, येताना गाठोड्यात काय होतं, पहिलं घर कशाचं होतं, पहिल्या वेचणीला सीतादहीचा दहीभात वावरात कोणी ठेवला. आणि गेलेल्या बाळाबद्दलही विचारा, तिला सांगावंसं वाटलं तर. हे सगळं वहीत लिहा, मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवा, आमच्याकडे पाठवलंत तर आम्ही इथून ऐकवू. लॉरा ६५ व्या वर्षी लिहायला बसली होती. आपल्यातल्या पुष्कळ जणींना अजून बराच वेळ आहे.